लग्न पहावें करून : विनोदी विवाहपटांविषयीं चार शब्द

"लग्न पहावें करून आणि घर पहावें बांधून" ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें वडील मंडळींच्या तोंडून ऐकली असेल. उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या भंडारा जिल्ह्यांत एकीकडे वैनगंगेचें पात्र आटत जातें व दुसरीकडे गांवोगांवचे मांडव वाढत जातात. अशा वेळीं ही म्हण विशेष कानीं पडते. बोलणारा ती बहुधा हंसत हंसत बोलतो. परंतु त्या हंसण्याच्या पाठीमागें एक सुस्काराहि असतो. हंसणें व सुस्कारा हीं दोन्हीं एकाच वाक्यांत कशीं नांदतात, ह्याचा विचार करीत असतां मला कांहीं जुन्या बोलपटांची आठवण झाली, व त्यांविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

शाळेच्या वार्षिक अंकांत बोलपटांची चर्चा कशासाठीं, असें एखाद्या पालकास वाटण्याचा संभव आहे. त्यांस माझें नम्रपणें इतकेंच सांगणें आहे कीं, समाज कशावर हंसतो हें पाहिल्यानें त्याला कोठें दुखतें हें कळतें. आणि लग्न हा विषय असा आहे कीं, त्यावर आपण पुष्कळ हंसतों.

सुखान्त नाटकाचा शेवट लग्नानें करण्याची चाल फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक नाटककारांपासून इंग्रज कवि शेक्सपिअर याच्यापर्यंत अनेकांच्या नाटकांत अडचणी संपल्या म्हणजे लग्न लागतें आणि खेळ संपतो. प्रेक्षकहि समाधानानें घरीं जातो. परंतु पुढें कांहीं लेखकांनीं हा क्रम उलटा केला. त्यांच्या कथेंत लग्न ठरण्यापासूनच प्रारंभ होतो, आणि ज्या अडचणी येतात त्या लग्नामुळेंच येतात. अशा कथेंत हंसूं उत्पन्न होण्याचीं कारणें ठराविक आहेत. तिथि एकदां ठरली म्हणजे ती पुढें सरकत नाहीं, म्हणून प्रत्येकाची धांवपळ होते. पाहुण्यांची यादी मात्र रोज वाढते. आत्या, मामा, शेजारी, शिंपी, आचारी ह्या सर्वांस लग्नाविषयीं मत असतें. केवळ पैसे देणाऱ्यास तें नसतें. आणि ज्या दोघांचें लग्न, त्यांच्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते. हीं चार सूत्रें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुण्याचा विनोद व अमेरिकेचा विनोद हे किती जवळचे नातेवाईक आहेत तें दिसून येईल.

आपल्या मराठी रंगभूमीवर ह्या विषयास हात घालणारें थोर नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल ह्यांचें 'संगीत शारदा'. तें १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. भुजंगनाथ नांवाच्या पैसेवाल्या म्हाताऱ्यास लग्न करण्याची हौस येते. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल त्याच्यासाठीं मुलगी शोधून काढतो, आणि कांचनभट हा बाप पैशाच्या लोभानें आपली कोवळी मुलगी शारदा त्याला देण्यास तयार होतो. म्हाताऱ्याच्या नटण्यामुरडण्यावर प्रेक्षक पोट धरून हंसतात. पण शारदा प्राण देण्यास निघते तेव्हां तेंच हंसणें घशांत अडकतें. अखेरीस कोदंड हा तरुण तिला वांचवितो. ह्या नाटकांत मुलीच्या लग्नाविषयीं दलाल बोलतो, बाप बोलतो, म्हातारा नवरदेव बोलतो, परंतु "तुला हें लग्न हवें आहे काय?" असें बाप मुलीस एकदांहि विचारीत नाहीं. सर्व अनर्थ त्या न विचारलेल्या प्रश्नांतून निघतो.

येथें एक समज दूर केला पाहिजे. १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा जो कायदा झाला, त्यास लोक 'शारदा कायदा' म्हणत. हें नांव ह्या नाटकावरून पडलें असें पुष्कळांस वाटतें. पण तें अजमेरचे हरबिलास सारडा ह्यांच्या आडनांवावरून आलें आहे. तो कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. त्यानें मुलीचें वय निदान १४ व मुलाचें १८ ठरविलें होतें. १९७८ सालीं तीं वयें अनुक्रमें १८ व २१ करण्यांत आलीं.

आतां आपल्या म्हणीकडे वळूं. १९४० सालीं मास्टर विनायक ह्यांनीं नवयुग चित्रपट ह्या संस्थेसाठीं एक विनोदी बोलपट दिग्दर्शित केला व त्याचें नांवच 'लग्न पहावें करून' असें ठेवलें. अर्धी म्हण पाटीवर लिहिली, उरलेली अर्धी प्रेक्षकानें मनांत म्हणावी, अशी ही योजना होती. कथा चिंतामण विनायक जोशी ह्यांची होती. जोशी हे पालि भाषेचे व्यासंगी पंडित व बडोद्याचे प्राध्यापक. त्यांचा जन्म १८९२ चा व मृत्यु १९६३ चा. इतक्या गंभीर विषयाच्या अभ्यासकाच्या लेखणींतून चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी उतरली, हें आपल्या वाङ्मयांतील एक नवलच म्हटलें पाहिजे. 'एरंडाचें गुऱ्हाळ' व 'चिमणरावाचें चऱ्हाट' हीं त्यांचीं पुस्तकें आमच्या शिक्षकांच्या पिढीनें अभ्यासाचीं पुस्तकें बाजूस सारून वाचलीं आहेत. बोलपटांत चिमणरावाची भूमिका दामुअण्णा मालवणकर ह्यांनीं व गुंड्याभाऊची विष्णुपंत जोग ह्यांनीं केली. पुढें १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनीं हीच जोडी पुन्हां घरोघर पोंचविली.

चिमणराव हा पुण्यांतला एक साधा कारकून. त्याला ना पैशाचें बळ, ना अंगांत बळ. बळ असलेंच तर तें गुंड्याभाऊच्या दंडांत. पण लग्नाच्या बाजारांत दंडाचा उपयोग नसतो. मुलीकडचा मनुष्य झाला म्हणजे त्याला आवाज चढवितां येत नाहीं. वरपक्षानें केलेला अपमान हा मान समजून घ्यावा लागतो. जोशींच्या विनोदाचें मर्म असें कीं, ही फजिती चिमणराव स्वतःच सांगतो. दुसऱ्याची फजिती सांगणें सोपें आहे; स्वतःची फजिती हंसतमुखानें सांगणारा मनुष्य आपणांस एकदम जवळचा वाटतो. त्याच्यावर हंसतां हंसतां वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, हा दुबळा कारकून हास्यास्पद नाहीं. पत्रिका, हुंडा, मानपान व रुसवेफुगवे ह्यांचें जें जाळें त्याच्याभोंवतीं विणलें आहे, तें हास्यास्पद आहे. देवलांच्या नाटकांतील बाप लोभी होता, म्हणून त्याचा राग येतो. चिमणराव लोभी नाहीं. तो केवळ रीतीपुढें लाचार आहे, म्हणून त्याची कींव येते. आणि खरें सांगावयाचें तर आपणांपैकीं बहुतेक जण कांचनभट नसून चिमणरावच असतों.

ह्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे हॉलिवुड येथेंहि लग्नाविषयींचे विनोदी बोलपट निघत होते. त्यांतील दोन येथें घेऊं, कारण त्या दोहोंतहि वधूच्या पित्याचें काम महत्त्वाचें आहे.

पहिला १९३४ सालचा, फ्रँक काप्रा ह्यानें दिग्दर्शित केलेला. त्याच्या नांवाचा अर्थ 'एका रात्रीं असें घडलें' असा होतो. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी व पटकथा अशीं पांचहि प्रमुख ऑस्कर पारितोषिकें त्याला मिळालीं. एका कोट्यधीशाची हट्टी मुलगी बापाचा विरोध न जुमानतां एका वैमानिकाशीं लग्न करते. बाप तिला आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो. ती पाण्यांत उडी टाकून पळते व साध्या बसगाडीनें फ्लॉरिडाहून न्यूयॉर्ककडे निघते. वाटेंत एक गरीब वार्ताहर भेटतो. दोघांचीं भांडणें होतात, आणि भांडतां भांडतां प्रेमहि जडतें. पुढें गैरसमज होऊन तीं दुरावतात, आणि मुलगी बापाच्या घरीं परत येऊन त्या वैमानिकाबरोबर थाटामाटानें विधिपूर्वक विवाह करण्यास उभी राहते.

ह्या बोलपटांतील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मुलीस शोधून देणाऱ्यास बापानें १०,००० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलेलें असतें. तो वार्ताहर बापाकडे येतो. पण बक्षीस मागत नाहीं. प्रवासांत आपले स्वतःचे जे पैसे खर्च झाले तेवढेच, म्हणजे ३९ डॉलर ६० सेंट, तो हिशेब लिहून मागतो. बाप व्यवहारी मनुष्य; तो त्या हिशेबावरून माणूस ओळखतो. मग विवाहाच्या दिवशीं मुलीचा हात धरून तो तिला मंडपांतून नेत असतां तिच्या कानांत हळूच सांगतो कीं, तो वार्ताहर तुझ्यावर प्रेम करतो; तुला हें लग्न नको असेल तर मागच्या फाटकाशीं मोटार उभी आहे. शेंकडों पाहुणे पाहत असतां मुलगी धांवत सुटते.

विद्यार्थी मित्रहो, ह्यावरून मुलींनीं मंडपांतून पळून जावें असा बोध घ्यावयाचा नाहीं. बोध असा कीं, सर्व खर्च होऊन गेला, पाहुणे जमले, वाजंत्री वाजूं लागली, तरीहि "तुझी इच्छा काय?" हें विचारण्याची वेळ गेली असें त्या बापानें मानलें नाहीं. झालेल्या खर्चापेक्षां मुलीचें सुख मोठें, हा हिशेब त्याला बरोबर करतां आला. आणि वराची परीक्षा त्यानें कशावरून केली? तो किती मागतो ह्यावरून! जो १०,००० मिळण्याजोगे असतां केवळ ३९ डॉलर ६० सेंट मागतो, तो मुलगी देण्यास योग्य. आपल्याकडे ही परीक्षा कित्येकदां उलट्या रीतीनें होते. जो अधिक मागतो त्याचें स्थळ मोठें समजलें जातें.

दुसरा बोलपट १९५० सालचा. नांव 'वधूपिता' ह्या अर्थाचें. एडवर्ड स्ट्रीटर ह्याच्या १९४९ च्या कादंबरीवरून तो घेतला असून दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली होता. पित्याचें काम स्पेन्सर ट्रेसी ह्यानें व मुलीचें एलिझाबेथ टेलर हिनें केलें आहे. हा अमेरिकेंतील चिमणरावच म्हणावा. हुद्द्यानें तो वकील आहे. पण मुलीच्या लग्नापुढें वकिली चालत नाहीं. आरंभींच तो आपणांस पसरलेल्या, विस्कटलेल्या घरांत दमून बसलेला दिसतो. बूट काढून, दुखरे पाय चोळीत तो प्रेक्षकांशींच बोलूं लागतो आणि झालेल्या लग्नाची हकीकत सांगतो. वाङ्निश्चयाच्या मेजवानींत त्याला भाषण करावयाचें असतें. पण पाहुण्यांसाठीं पेयें तयार करण्यांत त्याचा सारा वेळ स्वयंपाकघरांतच जातो. काटकसर म्हणून तो स्वतःच्या लग्नांतील जुना कोट अंगांत घालून पाहतो, तर तो होत नाहीं. भोजनाचा ठेकेदार येऊन घरांतील सामानसुमान बाहेर काढावयास लावतो. यादी वाढतच जाते. कंटाळून तो मुलीस सुचवितो कीं, मी तुला रोख रक्कम देतों, तुम्ही दोघें कोठें तरी जाऊन साधेपणानें लग्न करून घ्या. हा बेत अर्थातच तडीस जात नाहीं. लग्नाच्या आदल्या रात्रीं त्याला दुःस्वप्न पडतें कीं, तो चर्चमध्यें चालत आहे व पायांखालची जमीन मऊ होऊन पाय रुतत आहेत. ज्या पित्यानें आपल्या ऐपतीबाहेर मांडव घातला असेल, त्याला ह्या स्वप्नाचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

परंतु ह्या बोलपटाचें खरें हृदय शेवटच्या भागांत आहे. लग्न लागतें. घरांत माणसांची इतकी गर्दी होते कीं, मुलगी निघण्याच्या वेळीं पित्यास तिच्यापर्यंत पोंचतांच येत नाहीं. तो गर्दींतून वाट काढीत राहतो, आणि ती निघून जाते. ज्या पाहुण्यांसाठीं त्यानें पैसे मोजले, तेच पाहुणे त्याच्या व मुलीच्या मध्यें भिंतीसारखे उभे राहिले. पुढें आगगाडीच्या स्टेशनावरून मुलगी टेलिफोन करते व पित्याचा निरोप घेते, तेव्हां कोठें त्याचा जीव खालीं पडतो. हंसविणाऱ्या कथेंत इतकें खरें दुःख इतक्या सहज ठेवलेलें क्वचित् आढळतें.

ह्या बोलपटास लागून एक खरी हकीकत आहे. एलिझाबेथ टेलर हिचें स्वतःचें पहिलें लग्न ६ मे १९५० रोजीं, म्हणजे बोलपट प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच झालें. चित्रपट कंपनीनें तिला लग्नाचा झगा भेट दिला. बोलपटांतील झगा जिनें योजला होता त्या हेलन रोझ हिनेंच तो योजला. जाहिरातीस ह्याहून अधिक काय हवें होतें? सगळ्या देशांत त्या लग्नाचा गाजावाजा झाला. पण १९५१ च्या जानेवारींत तें लग्न मोडलेंहि. मांडवाची शोभा व संसाराचें बळ ह्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, हें सांगण्यास दुसरें उदाहरण नको.

आतां समुद्र ओलांडून पुन्हां आपल्या धानाच्या बांधावर येऊं. आपल्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटकें होतात, दूरदूरचे सोयरे एकत्र येतात, आणि त्या गडबडींत मुलामुलींच्या सोयरिकीच्या गोष्टीहि निघतात. नाटकांत हुंड्यापायीं होणारें मुलीचें दुःख पाहून पदर डोळ्यांस लावणारी माणसें पहांटे घरीं परततात, आणि उन्हाळ्यांत तींच माणसें देण्याघेण्याच्या बैठकीस बसतात. मी हें दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाहीं. माझ्यावरहि तो दोष येतो, आणि तो येथें कबूल करणें मला भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका माजी विद्यार्थिनीचें लग्न झालें. मुलगी गणितांत हुशार. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची फी किती पडते, हें ती मला विचारून गेली होती. वडील धानाची शेती करणारे, अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांनीं मोठा मांडव घातला, बँड आणला, हजारांवर पाने वाढलीं. मीहि पंगतीस बसलों होतों. वडील घाम पुसत माझ्यापाशीं आले व त्यांनीं विचारलें, "सर, जेवण बरें झालें ना?" मीं म्हटलें, "उत्तम झालें." त्यांचा चेहरा समाधानानें फुलला. जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां त्या मुलीचा धाकटा भाऊ वर्गांत दिसला नाहीं. चौकशी केली, तेव्हां कळलें कीं दोन एकर शेत गहाण पडलें आहे आणि मुलगा नागपुरास कामावर गेला आहे. पुढें एकदां ती मुलगी माहेरीं आली असतां बाजारांत भेटली. मीं भीत भीत विषय काढला. ती म्हणाली, "सर, बाबांवर माझा राग नाहीं. पण त्यांनीं मला एकदां विचारलें असतें, तर मीं म्हटलें असतें कीं बँड नको, भावाची शाळा राहूं द्या."

"उत्तम झालें" हे माझे दोन शब्द मला त्या दिवसापासून टोंचत आले आहेत. वडिलांस कर्जांत ढकलणाऱ्या गर्दींत मीहि एक होतों. ज्या गर्दीमुळें अमेरिकेंतील तो पिता आपल्या मुलीपर्यंत पोंचूं शकला नाहीं, त्याच गर्दीनें ह्या पित्यालाहि आपल्या मुलीचें मन कळूं दिलें नाहीं. फरक इतकाच कीं, त्या पित्याचें केवळ घर विस्कटलें; ह्या पित्याचें शेत गेलें व मुलाचें शिक्षण बुडालें.

ह्यावर उपाय नाहीं असें मात्र नव्हे. महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ च्या डिसेंबरांतच अल्प खर्चाच्या विवाहाची पद्धत सुरू केली. जोतीरावांनीं रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, आपले हक्क मागते, आणि वर तीं वचनें देतो. म्हणजे ज्या प्रश्नास देवलांच्या कांचनभटापाशीं जागा नव्हती, त्याला जोतीरावांनीं लग्नाच्या विधींतच जागा करून दिली होती. पुढें १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंडा घेणें हा गुन्हा आहे हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु हुंडा देणें हाहि त्याच कायद्यानें गुन्हा आहे, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें. तरीहि कायदा दाराबाहेर उभा राहतो. मांडवांतील यादी लहान करण्याचें काम घरच्यांनाच करावें लागतें.

तेव्हां पालकांस माझी एवढीच विनंति आहे. लग्नाचा दिवस ठरविण्यापूर्वीं एका संध्याकाळीं मुलीस जवळ बसवावें, घरचा सर्व हिशेब तिच्यापुढें मोकळेपणानें मांडावा, आणि तिला विचारावें : तुला शिकावयाचें आहे काय, हें स्थळ तुला पसंत आहे काय, आणि हा एवढा खर्च तुला हवा आहे काय? आमच्या मुली हिशेबांत कच्च्या नाहींत. मीं त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मुलांसहि सांगावयाचें आहे. तुम्ही उद्यां वर व्हाल, तेव्हां १०,००० डॉलर नाकारून ३९ डॉलर ६० सेंटांचा हिशेब देणाऱ्या त्या वार्ताहराची आठवण ठेवा. आणि आम्हां पाहुण्यांसाठींहि एक नियम असावा : जेवणाची स्तुति करण्यापूर्वीं घरांतील धाकट्या मुलाची शाळा चालू आहे ना, तें विचारावें.

आपल्या पूर्वजांनीं म्हणींत 'पहावें' असा शब्द घातला आहे. आपण तो 'करून पाहिल्यावर कळतें' अशा अर्थानें घेतों, आणि तो अर्थ खराहि आहे. परंतु करण्याच्या आधीं नीट पाहिलें, तर करून झाल्यावर सुस्कारा टाकण्याची पाळी येणार नाहीं, आणि ती म्हण आपणांस निर्मळ मनानें हंसत म्हणतां येईल.